वाकड्या गाडीचं कपाट

दोस्तांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी कपाट पाहिलं आहे? हसू नका! मी घरातल्या कपाटाबद्दल विचारत नाही. ते बिचारं एका जागी उभं असतं. मी विचारतोय चालत्या गाडीतल्या कपाटाबद्दल. ताशी साठ किलोमीटरने पळणारं, घाटात कलंडणारं, खड्ड्यात उडी मारणारं आणि तरीही पोटातलं लोणचं सांडू न देणारं कपाट! असं एक कपाट आमच्या अंगणात तयार झालं. ते तयार होताना मी एक लबाडी केली होती. तीही आज सांगून टाकणार आहे.

गोष्ट १९९६ सालच्या मे महिन्यातली. आठवीची परीक्षा संपली होती. आम्ही तेव्हा सुकापूरला राहत होतो. पनवेलहून माथेरान रोडने निघालं की सुकापूर लागतं. (नाव माथेरान रोड, पण त्या रस्त्याने गाडी घेऊन माथेरानला काही पोचता येत नाही. रस्ता डोंगराच्या पायथ्याशीच संपतो!) तेव्हा एका अंगाला नवीन पनवेलच्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला भातखाचरं, असं आमचं गाव होतं. आमचं घर बैठं, कौलारू. पुढे मोठं अंगण. आणि त्या अंगणात एके दिवशी बाबांनी एक जुनी मॅटाडोर आणून उभी केली.

मॅटाडोर हा शब्द तुम्ही कदाचित आईबाबांच्या तोंडून ऐकला असेल. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची ही गाडी. या कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं. एके काळी महाराष्ट्रात लग्नाचं वऱ्हाड असो, भाजी असो की शाळेची पोरं असोत, सगळं मॅटाडोरमधूनच जायचं. आमची मॅटाडोर आधी एका बेकरीची होती. बंद पत्र्याची. आत शिरलं की पावाचा वास यायचा. माझी धाकटी बहीण, छोटी, तर पहिले दोन दिवस त्या वासासाठीच आत जाऊन बसत होती.

"ही गाडी कशाला?" आईने कपाळाला हात लावून विचारलं.

"आईसाठी," बाबा म्हणाले.

बाबांची आई म्हणजे माझी आजी. दोन वर्षांपूर्वी ती अंगणातच पाय घसरून पडली होती आणि तिच्या कमरेला मार बसला होता. तेव्हापासून तिला अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त वेळ बसवत नसे. आडवं व्हावंच लागे. एसटीने लांबचा प्रवास बंदच झाला होता. आणि तिचं माहेर तर नरसोबाच्या वाडीजवळ. कुठे पनवेल आणि कुठे कृष्णा-पंचगंगेचा संगम! तिकडे तिची थोरली बहीण होती. आम्ही तिला मावशीआजी म्हणत असू. दर महिन्याला मावशीआजीचं पोस्टकार्ड यायचं आणि शेवटची ओळ ठरलेली असायची, की एकदा डोळ्यांनी बघू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे.

बाबांचा बेत असा होता. गाडीत आजीला झोपायला एक लांब बाक करायचा. त्याच्या खाली सामानाची पेटी. चालकाच्या मागे उजव्या बाजूला एक उंच कपाट, त्यात कपडे, औषधं, भांडी, स्टोव्ह, डबे. वाटेत लॉज शोधायला नको की जिने चढायला नकोत. मेअखेर गाडी तयार करायची आणि पाऊस सुरू व्हायच्या आत वाडीला जाऊन यायचं. अशा गाड्या परदेशात पुष्कळ असतात, पण १९९६ साली सुकापुरात कुणी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. त्यासाठी बाबा पेणच्या कचेरीत खेपा घालत होते. (आजही लागते हं. घरच्या घरी करवत घेऊन बसू नका.) पण खरा प्रश्न वेगळाच होता. हे सगळं बनवणार कोण?

पनवेलच्या दोन-तीन सुतारांनी तर गाडी बघूनच हात जोडले. शेवटी गावातलेच सुतारकाका तयार झाले. साठीच्या पुढचे, किडकिडीत, कानावर पेन्सिल. त्यांचे वडील उरण-करंजाकडे होड्या बांधायच्या कामावर होते आणि काका लहानपणी त्यांच्या हाताखाली शिकले होते. पुढे ते घरांची दारं, खिडक्या, देव्हारे करू लागले. गाडीभोवती एक फेरी मारून, पत्र्यावर टकटक करून ते म्हणाले, "भाऊ, ही गाडी नाय, होडी हाय. करू आपण."

मला त्यांचा हाताखालचा माणूस नेमण्यात आलं. पगार : रोज एक बर्फाचा गोळा.

पहिल्याच दिवशी मी त्यांची हत्यारांची पेटी उघडली आणि मोठ्या शहाणपणाने गुण्या, ओळंबा आणि पाणसळ बाहेर काढून ठेवली. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधन. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे की नाही ते त्याने कळतं. आणि पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की समजायचं, पृष्ठभाग आडवा सपाट आहे. काकांनी ओळंबा आणि पाणसळ उचलली आणि परत पेटीत ठेवली.

"यांचं इथं काम नाय."

"का?"

"गाडी उभी हाय ती जागा तरी सपाट हाय का? उद्या गाडी उतारावर उभी केली तर बुडबुडा काय सांगेल? गाडीत सरळ म्हंजी काय ते गाडीलाच विचारायचं."

मग त्यांनी मला आत नेलं आणि पत्र्यावरून तळहात फिरवायला सांगितलं. मी चकित झालो. बाहेरून सरळ दिसणारी गाडी आतून कुठेच सरळ नव्हती! बाजूचा पत्रा खाली थोडा आत, मध्ये फुगीर, वर जाताना पुन्हा आत झुकलेला. छत मधे उंच, कडेला खाली. जमिनीतून चाकाचं टेंगूळ वर आलेलं. घराच्या भिंतीला चौकोनी कपाट चिकटून बसतं. इथे बसवलं असतं तर एका कोपऱ्याला टेकलं असतं आणि बाकी ठिकाणी लोंबकळलं असतं.

"मग माप कसं घ्यायचं?"

"तुझ्या कंपासपेटीतलं ते दोन पायांचं आण."

मी धावत जाऊन कर्कटक घेऊन आलो. शाळेत त्याने वर्तुळं काढायची, एवढंच मला माहीत. काकांनी टीव्हीच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा पत्र्याला शक्य तितका जवळ उभा धरला. पुठ्ठ्याची कड सरळ, पत्रा वाकडा, त्यामुळे मधे कमी-जास्त फट. मग कर्कटकाचं टोक पत्र्यावर टेकवलं, पेन्सिल पुठ्ठ्यावर, आणि दोन्ही पायांमधलं अंतर न बदलता, कर्कटक आडवं धरून वरून खालपर्यंत सावकाश ओढलं. पत्रा जसा वळला तशी पेन्सिल वळली! पुठ्ठ्यावर पत्र्याचं जणू चित्रच उमटलं. त्या रेघेवर कात्री चालवून पुठ्ठा पुन्हा लावला तर तो पत्र्याला असा चिकटून बसला, की मधे पोस्टकार्डही जाईना. हा झाला साचा. तो प्लायवर ठेवायचा, रेघ मारायची आणि कापायचं. भूमितीच्या तासाला हे कुणी दाखवलं असतं तर माझे दहा मार्क तरी वाढले असते!

बाकाखालची पेटी अशी साच्यावरून चार दिवसांत झाली. या चार दिवसांत मला पुष्कळ काही कळलं. घरच्या कपाटाला जाड, एकोणीस मिलिमीटरचा प्लाय वापरतात. आठ फूट बाय चार फुटांची तसली एकच फळी तीस-पस्तीस किलोच्या घरात जाते. तशा चार-पाच फळ्या गाडीत घातल्या तर दोन दांडगी माणसं कायमची पाठीवर बसवल्यासारखंच! म्हणून काकांनी बाजूंना बारा मिलिमीटर, खणांना नऊ आणि पाठीला सहा मिलिमीटरचा मरीन प्लाय घेतला. प्लायमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले असतात. एकाच्या रेषा उभ्या, तर पुढच्याच्या आडव्या. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला जास्त फुगतं. असे आडवे-उभे पापुद्रे एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून प्लाय सहसा वाकडा होत नाही. आणि पापुद्रे मोजाल तर बहुतेक ३, ५, ७, ९ असे विषम निघतील. मधला पापुद्रा मधोमध राहून दोन्ही बाजूंचा ओढा सारखा राहावा म्हणून. आपल्या टेबलाची उघडी कड बघा, मोजता येतात.

पत्रा आणि लाकूड यांच्यामधे काका सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घालत. नाहीतर लाकूड पत्र्याला घासून रस्ताभर कुईकुई करतं आणि घासलेल्या जागी पत्रा गंजतो. ट्यूब गोळा करणं हे माझं आणि छोटीचं काम. गावातल्या सायकलवाल्याने शेवटी आम्हांला लांबून बघूनच "नाही रे!" म्हणायला सुरुवात केली.

आता लबाडीकडे येतो.

उंच कपाटाची पाळी आली तेव्हा काकांना एका दिवसासाठी नात्यातल्या लग्नाला जायचं होतं. मोठा पुठ्ठाही संपला होता. निघताना ते मला म्हणाले, "साच्याबिगर पण होतं. जमिनीपासून वर, दर वीतभर उंचीवर एक अशी सात मापं घे. कपाटाची पुढची कड ते पत्रा. इंच आणि सुतात लिही. मी रातच्याला घरी येऊन फळी कापतो. वेळ नाय आपल्याकडं, पाऊस येतोय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार अजूनही सुतात बोलतात.

दुपारी अडीच वाजता मी गाडीत शिरलो. बंद पत्रा, मे महिना, सुकापूर! आत भाकरी भाजली असती. पट्टी हाताला चटके देत होती. घाम डोळ्यांत जात होता. आणि बाहेर वडाखाली क्रिकेटची टीम माझी वाट बघत उभी होती. मी पहिलं माप घेतलं : २२ इंच. दुसरं घेतलं : जेमतेम तेवढंच. बाकीची पाच तशीच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. पण सगळीकडे २२ लिहिलं तर काकांना संशय येईल. म्हणून मी काय केलं? प्रत्येक माप एकेक सुताने कमी करत गेलो. २२, मग २१ इंच ७ सूत, मग २१ इंच ६ सूत... अशी सात छान मापं चिठ्ठीवर लिहिली, चिठ्ठी काकांच्या घरी दिली आणि बॅटिंगला गेलो. त्या दिवशी मी अठरा धावा काढल्या. त्या अजून लक्षात आहेत, कारण नंतर कधीच त्यांचा आनंद झाला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका कपाट हातगाडीवर घालून घेऊन आले. सांधे फेविकॉलने चिकटवलेले, खण खाचांत बसवलेले, पाठ ठोकलेली. काय देखणं दिसत होतं! आम्ही सगळ्यांनी ते उचलून गाडीत सरकवलं. खालचा भाग बसला. वरचा भाग छताखालच्या वळणाला आपटून अडकला. कपाट पुढे झुकून उभं राहिलं, एखादा माणूस नमस्कार करतो तसं. वरच्या बाजूला जवळजवळ पाच इंच जास्त होते.

नुसत्या फळ्या असत्या तर वाढीव भाग कापून टाकता आला असता. पण आत खण बसले होते, पाठ ठोकली होती. काकांनी पाचर घालून सांधे उकलायचा प्रयत्न केला. फेविकॉल काही सुटला नाही, प्लायचेच पापुद्रे सोलून निघाले. दोन्ही बाजू फुकट गेल्या.

बाबा तोपर्यंत गप्प होते. गाडीसाठी त्यांनी फंडातून कर्ज काढलं होतं, पैसे मोजून-मापून चालले होते. ते म्हणाले, "मिस्त्री, एवढी वर्षं काम करता तुम्ही. अशी चूक?"

मी दाराशी उभा होतो. घशाला कोरड पडली होती. आता काका चिठ्ठी काढणार, आता काढणार...

काका खाली बघत म्हणाले, "चुकलं भाऊ. माझं चुकलं. फळी मी भरून देतो."

आणि मी काहीही बोललो नाही. एक शब्दही नाही.

दुपारी आईने मला पनवेलला दळण आणायला पाठवलं. परत येताना मला रस्त्यात काका दिसले. सायकलच्या एका अंगाला प्लायची अख्खी फळी दोरीने बांधलेली आणि दुसऱ्या अंगाने ते सायकल ढकलत चालत होते. वाऱ्याने फळी शिडासारखी भरायची, सायकल कलंडायची, ते थांबायचे, सावरायचे, पुन्हा चालायचे. डांबर वितळत होतं. मी एका ट्रकच्या आडून निघून गेलो. त्यांनी मला पाहिलं नाही, असं तेव्हा मला वाटलं.

रात्री जेवण गेलं नाही. आजी अंगणात खाटेवर पडली होती. तिच्या पायाशी जाऊन बसलो आणि कसंबसं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती रागावेल. वाडीला जायची वाट सगळ्यांत जास्त तीच बघत होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबाला नंतर सांग. आधी त्यांना सांगून ये. ज्याचं ऋण त्याच्याकडे आधी जावं."

सकाळी सहाला मी काकांच्या पडवीत उभा होतो. ते रंध्याचं पातं घासत बसले होते. मी बोलायला तोंड उघडलं आणि रडायलाच आलं. काकांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली. घडी करून, नीट जपून ठेवलेली.

"काल कपाट अडकलं ना, तेव्हा घरी येऊन मी ही परत वाचली," ते म्हणाले. "आधी रातच्याला दिव्याखाली घाईत वाचली होती. बघ, दर माप एकेका सुतानं कमी. शिस्तीत. पायऱ्या उतरल्यागत. कारखान्यात ठोकलेला पत्रा असा शिस्तीत वळतो व्हय? तो कुठं दोन सूत जाईल, कुठं दोन इंच जाईल. ही मापं पत्र्याची नाय, डोक्यातली हायेत."

"मग तुम्ही बाबांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? पोरानं माप चुकवलं? फळी कापणारा हात कुणाचा? कापायच्या आधी एकदा गाडीत जाऊन पट्टी लावायला मला कुणी धरलं होतं? माझा बाप असता तर तुला काय बोलला नसता, माझ्याच पाठीत दिला असता."

मला वाटलं, आता ते "जा घरी" म्हणतील. पण ते उठले, पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दुपारी अडीचला गाडीत ये. तेव्हाच घ्यायची मापं."

अडीचलाच घेतली. काका बाहेर सावलीत विडी ओढत बसले होते. एकेक माप मी ओरडून सांगायचो आणि ते "पुन्हा बघ" म्हणायचे. सातच्या सात मापं मी तीन-तीन वेळा घेतली. २२ इंच. २२ इंच २ सूत. २२. २१ इंच ४ सूत. २० इंच ३ सूत. १८ इंच ६ सूत. आणि सर्वांत वर १६ इंच ५ सूत. बघा, कुठे शिस्त आहे का त्यात?

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी मारलं नाही. चपला घातल्या आणि तडक काकांच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत आले तेव्हा नव्या फळीचे पैसे आणि वाया गेलेल्या दिवसांची मजुरी देऊन आले होते. माझा बर्फाचा गोळा मात्र बंद झाला, आणि तो कुणी बंद केला हे मी विचारलं नाही.

पण वेळ गेली ती गेलीच. नवं कपाट होईपर्यंत जून उजाडला. काकांना पावसाआधी लोकांच्या घरांची छपरं दुरुस्त करायची होती, ती कामं थांबण्यासारखी नव्हती. मग धो धो पाऊस सुरू झाला. माझी शाळा सुरू झाली. वाडीला जाणं दिवाळीवर गेलं. आणि ऑगस्टमध्ये मावशीआजीच्या पोस्टकार्डाऐवजी तिच्या मुलाचं पत्र आलं, की आईला बरं नाही, ताप उतरत नाही. आजीने पत्र वाचून उशीखाली ठेवलं. मला काहीच बोलली नाही. त्या पावसाळ्यात पोस्टमनची सायकल दिसली की माझ्या पोटात गोळा यायचा.

काका मात्र पावसातही रविवारी येत आणि अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीत काही ना काही करत. दारांना मुठी लावल्याच नाहीत. "आजींच्या गुडघ्याला लागतील," म्हणाले. त्याऐवजी दाराला बोट जाईल एवढी गोल भोकं पाडली. त्यातून दार ओढायचं आणि त्यातूनच आत हवा खेळते, म्हणजे कोकणच्या पावसात कपड्यांना बुरशी येत नाही. जड वस्तूंचे खण सगळ्यांत खाली, हलक्यांचे वर. कपाट उजवीकडे म्हणून पाण्याची टाकी डावीकडे, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते.

दार बंद राहावं म्हणून बाबांनी पनवेलहून चकचकीत चुंबकाच्या कड्या आणल्या होत्या. काका म्हणाले, "लावून बघू." सप्टेंबरात पावसाची उघडीप मिळाली तशी आम्ही नेऱ्यापर्यंत चाचणी फेरी काढली. मधे एक कुत्रं आडवं आलं. बाबांनी करकचून ब्रेक दाबला आणि धाडकन दार उघडून कैरीच्या लोणच्याची बरणी थेट माझ्या मांडीवर! आता हिशोब करा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. एवढा वेग तीन सेकंदांत शून्यावर आणला तर आतल्या प्रत्येक वस्तूला, तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक जोराने पुढे ढकलल्यासारखं होतं. दोन किलोची बरणी असेल तर एक किलोहून जास्त जोर. आणि गाडीत बरण्या सहा होत्या! बिचारं चुंबक काय करणार?

मग काकांनी आपल्या वडिलांची होडीतली विद्या बाहेर काढली. दारांना लाकडी फिरक्या लावल्या. स्क्रूभोवती फिरणारी पट्टी, आडवी केली की दार बंद. प्रत्येक खणाला पुढून दीड इंच उंच सागवानी पट्टी. तिला ते "ओठ" म्हणायचे. आणि ड्रॉवरला तर गंमतच केली. तळाशी पुढे एक खाच ठेवली. ड्रॉवर आत ढकलला की खाच खालच्या रिपेवर टपकन बसायची. मग तो नुसता ओढून उघडतच नसे. आधी थोडा उचलायचा, मग ओढायचा. गाडी कितीही गचका देवो, उचलायला तिला हात थोडेच असतात!

पुढे मोठेपणी मी वाचलं, की हौसेने फिरायला म्हणून घर असलेली गाडी सगळ्यांत आधी ज्यांनी बनवून घेतली, त्यांच्यापैकी एक होते डॉ. गॉर्डन स्टेबल्स. ते आरमारातले निवृत्त डॉक्टर. साल १८८५. त्यांची गाडी महोगनी आणि मेपलच्या लाकडाची होती, दोन घोडे तिला ओढायचे, आणि तिला ते जमिनीवरचं जहाज म्हणत. इंग्लंडमधून निघून ते तिच्यातून थेट स्कॉटलंडपर्यंत गेले. आणि तुम्हांला आवडेल अशी गोष्ट म्हणजे, हे डॉक्टर मुलांसाठी साहसकथा लिहायचे, मुलांच्या साप्ताहिकातसुद्धा! मोटारीचा जमाना आल्यावर जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने १९५१ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत बसवायची लाकडी पेटी काढली. तिच्यातच झोपायची आणि स्वयंपाकाची सोय. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी खास धोरण केलं. हे वाचलं तेव्हा मला आमचे काका आठवले. त्यांनी यातलं काहीच वाचलं नव्हतं, तरी गाडी बघताक्षणी "होडी हाय" म्हणाले होते.

दिवाळीत आम्ही निघालो. एक्सप्रेसवे तेव्हा नव्हता. जुना बोरघाट, मग कात्रज, मग खंबाटकी. आजी बाकावर आडवी होऊन खिडकीतून बघत होती आणि दर घाटाला विचारत होती, "ओठ धरून आहेत ना रे?" एकही डबा पडला नाही. साताऱ्याजवळ मुक्काम करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाडीजवळच्या त्या गावात पोचलो.

मावशीआजी ओट्यावर बसली होती. वाळून काडी झालेली, पण बसलेली. दोघी बहिणी एकमेकींकडे नुसत्या बघतच राहिल्या. मग मावशीआजी म्हणाली, "कशातून आलीस गं? बघू." आम्ही तिला हाताला धरून गाडीत चढवलं. तिने सगळीकडे हात फिरवला. भोकांत बोट घालून दारं उघडून बघितली. मग ड्रॉवर ओढला. उघडेना. पुन्हा ओढला. आजी खुदकन हसली आणि म्हणाली, "तशी नाही उघडायची, अक्का. आधी उचल, मग ओढ."

नंतर तासभर दोघी आत बाकावर आडव्या पडून बोलत होत्या. आम्हांला कुणालाही आत येऊ दिलं नाही.

गाडी २००४ मध्ये भंगारात गेली. त्याआधी बाबांनी कपाट काढून घरात आणलं. आता आमचं बैठं घरही नाही, तिथे इमारत उभी आहे आणि आम्ही तिच्यातच राहतो. कपाट माझ्या मुलीच्या खोलीत आहे. मात्र ते भिंतीला काही केल्या चिकटत नाही. खाली टेकतं आणि वर जाताना भिंतीपासून लांब होत जातं. आलेगेले विचारतात, सुतार कच्चा होता का? दार उघडलं की आतल्या बाजूला काकांच्या पेन्सिलीने लिहिलेली सात मापं अजून दिसतात. आणि भिंत आणि कपाट यांच्यामधल्या त्या फटीत आजीची काठी उभी असते. तिच्यासाठी दुसरी जागा आम्ही कधी शोधलीच नाही.